बारा तासांच्या थांब्यातले सव्वातीन तास : चिवितावेक्कियाहून रोम

क्रूझच्या माहितीपत्रकावर बंदराचं नाव "रोम" असं छापलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात "चिवितावेक्किया". सगळा घोळ त्या बारीक अक्षरांत आहे. चिवितावेक्किया हे रोमपासून ७०-८० किलोमीटरवरचं बंदर. सम्राट ट्रेजननं इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला ते बांधायला घेतलं आणि आजही रोमला येणारी मोठी जहाजं इथेच लागतात. म्हणजे जहाज सकाळी सातला धक्क्याला लागलं, तरी तुम्ही सातला रोममध्ये नसता.

आम्ही चौघं होतो. मी, बायको, बहात्तर वर्षांची आत्या आणि सोळा वर्षांचा भाचा. आत्यानं तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला आणि तिचा उजवा गुडघा कुरकुरतो. या दोन्ही गोष्टी पुढच्या हिशोबात येणार आहेत. बार्सेलोनाहून निघालेलं जहाज, ऑक्टोबरातला बुधवार, मुक्काम सकाळी ७ ते संध्याकाळी ७. तिघांपैकी कुणीच रोम पाहिलेलं नव्हतं. मी एकदा कामानिमित्त गेलो होतो, पण एका हॉटेलच्या तळघरातल्या सभागृहापलीकडे काही पाहिलं नव्हतं, त्यामुळे मीही त्यांच्यातच.

भाच्यानं आधीच यादी केली होती: कलोसियम, फोरम (जुन्या रोमचा मुख्य चौक), ट्रेवीचं कारंजं, स्पॅनिश स्टेप्स, पँथिऑन (जुनं रोमन देऊळ), व्हॅटिकन म्युझियम, सेंट पीटर्सचं चर्च. सात ठिकाणं, बारा तास. "मामा, दीड तास पर ठिकाण, आरामात होतंय," असा त्याचा भागाकार. त्याच्या हातातून कागद घेतला आणि उलटीकडून लिहायला बसलो.

जहाज सुटायची वेळ ७. पण परत चढायची शेवटची वेळ, म्हणजे ऑल अबोर्ड, ६. तीच खरी. धक्क्यापासून बंदराच्या फाटकापर्यंत चालत जाऊ देत नाहीत, बंदराची शटल बस घ्यावी लागते. ती लार्गो देल्ला पाचे नावाच्या चौकात सोडते आणि तिथून रेल्वे स्टेशन अजून पुढे. या सगळ्याला मी जाताना पाऊण तास धरला आणि येताना तेवढाच. लोकल गाडीला सेंट पीटर्सजवळच्या सान पिएत्रो स्टेशनपर्यंत पन्नासेक मिनिटं, मुख्य तेर्मिनी स्टेशनपर्यंत सव्वा तास. सकाळी आधी जहाजाच्या स्वतःच्या सहलींची माणसं उतरवतात, आपण मागून. एवढं आणि गाडीच्या उशिरासाठी हाताशी ठेवलेला वेळ वजा केल्यावर कागदावर साडेपाच तास उरले. त्यात रांगा आल्या, जेवण आलं, स्वच्छतागृह आलं आणि आत्याचा गुडघा आला.

आता जायचं कशानं. जहाजाच्या सहलीचा एक मोठा फायदा असतो आणि त्याचेच पैसे ते घेतात: त्यांची बस अडकली तर जहाज थांबतं. स्वतःहून गेलेल्यासाठी थांबत नाही. मागे राहिलात तर पुढचं बंदर स्वखर्चानं गाठायचं. पासपोर्ट जहाजाकडे ठेवलेले असतील तर ते बंदरावरच्या एजंटकडे देऊन जातात, एवढीच माणुसकी. पण त्या सहलीत पन्नास माणसांमागे झेंडा बघत चालायचं, आणि आत्याला ते जमणारं नव्हतं. तिचा गुडघा चालायला कुरकुरत नाही, लोकांच्या वेगानं चालायला कुरकुरतो. जहाजाचीच दुसरी सोय होती, नुसती बस: रोममध्ये सोडणार, ठरल्या वेळी उचलणार, मधे तुम्ही मोकळे. मध्यम मार्ग म्हणून ती उत्तम आहे, आणि गाडीला बिचकणाऱ्या कुणालाही मी तीच सांगेन. आमच्या बाबतीत ती नडली ते एकाच कारणानं. जिथे सोडते तिथेच परत यावं लागतं. म्हणजे अर्धा दिवस गेलेल्या रस्त्यानंच माघारी.

गाडीनं गेलं की हे बंधन सुटतं. शहरात एका दारानं शिरायचं आणि दुसऱ्या दारानं बाहेर पडायचं. हा एक मुद्दा लक्षात आला आणि दिवस आपोआप आखला गेला.

चिवितावेक्कियाहून येणारी गाडी आधी सान पिएत्रोला थांबते, मग त्रास्तेवेरे, ओस्तिएन्से आणि शेवटी तेर्मिनी. इंटरनेटवर सगळे सांगतात की सान पिएत्रोला उतरा, दहा-पंधरा मिनिटं चाललं की सेंट पीटर्सचा चौक, तिथून सुरुवात करा. एरवी ते बरोबरच. पण आमचा बुधवार होता. बुधवारी सकाळी पोपचं सार्वजनिक दर्शन असतं. हवा बरी असली की ते चौकातच होतं, हजारो खुर्च्या मांडतात आणि चर्च दुपारपर्यंत पर्यटकांना बंद. नऊ वाजता तिथे पोचलो असतो तर तीन तास कठड्याबाहेर उभे. हे मला निघायच्या चार दिवस आधी कळलं, तेही बायकोनं सहज विचारलं म्हणून, "अरे, त्या दिवशी वार काय आहे?" जहाजावर वाराचा पत्ता नसतो. तारीख असते, बंदर असतं, वार कुणी बघत नाही. आणि या शहरात तर वारावर बरंच अवलंबून आहे. व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद असतं, महिन्यातला शेवटचा रविवार सोडून. त्या रविवारी फुकट असतं, म्हणजे तो तर टाळायचाच.

तेव्हा दिशा उलटवली. तेर्मिनीला उतरून मेट्रोनं कलोसियम, तिथून पश्चिमेकडे सरकत पँथिऑन, पियात्सा नव्होना, तिबेर नदीवरचा सांत'आंजेलो पूल, मग दुपारी सेंट पीटर्स आणि सान पिएत्रोहून परतीची गाडी. पूर्वेकडून पश्चिमेकडे एक सरळ रेघ, मागे वळणं नाही.

यादीतली गळती सोपी नव्हती. बायकोला व्हॅटिकन म्युझियममधलं, मायकेलएंजेलोनं छत रंगवलेलं सिस्टिन चॅपल हवं होतं. म्युझियमचं दार चौकात नाही, भिंतीला वळसा घालून उत्तरेकडे आहे, आणि चॅपल त्या लांबलचक दालनांच्या शेवटी. तिकीट आधी काढलं तरी तीन तास गेलेच. तिनं दोन दिवस विचार केला आणि म्हणाली, "मायकेलएंजेलो तर सेंट पीटर्समध्येही आहे ना? मग ते पुरे." कलोसियम आतून बघायचं नाही, फक्त बाहेरून, हे भाच्याला पचायला जास्त जड गेलं. ट्रेवी आणि स्पॅनिश स्टेप्स रेघेच्या बाहेर, उत्तरेला, म्हणून गळाले. फोरम जाता जाता बाहेरून. आत जाऊन नीट बघायची ठिकाणं दोनच: आत्याचं पँथिऑन आणि बायकोचं सेंट पीटर्स.

पैशांचं थोडक्यात. चिवितावेक्किया स्टेशनवर बिर्ग नावाचं दिवसभराचं तिकीट मिळतं. लोकल गाडीचं जाणं-येणं आणि रोममधली मेट्रो-बस, सगळं त्यात. आम्ही गेलो तेव्हा १२ युरो माणशी. त्यावर स्वतःचं नाव लिहायचं आणि गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यायचा. शिक्का नसेल तर तिकीट असूनही दंड. पँथिऑनला २०२३ च्या जुलैपासून तिकीट आहे, आम्ही गेलो तेव्हा ५ युरो, ते सव्वाअकराचं ऑनलाइन काढून ठेवलं. सेंट पीटर्सला प्रवेश फुकट, रांग मात्र तपासणीची.

आणि संपाचं. इटलीत रेल्वेचा संप आधी जाहीर करून होतो. त्याला "शोपेरो" म्हणतात, हा एक शब्द पाठ करून ठेवावा. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ ठरावीक गाड्या चालवाव्याच लागतात. ऐकायला दिलासा वाटतो, पण बोटीच्या माणसाला त्याचा निम्माच उपयोग: सकाळी जाता येतं आणि संध्याकाळची हमी सुरू होते तेव्हा जहाजाची शिडी उचललेली असते. संपाच्या दिवशी मुकाट्यानं जहाजाची बस घ्यावी. आम्ही आदल्या रात्री बघितलं, संप नव्हता.

प्रत्यक्षात ७:३५ ला खाली उतरलो, ८:२७ ची गाडी मिळाली. डावीकडच्या खिडक्या पूर्व बाजूला येतात, तिथून शेतं दिसतात, समुद्र उजवीकडे. आत्या समुद्राकडे पाठ करून बसली. "तीन दिवस तेच बघतेय," म्हणाली.

पहिला फटका तेर्मिनीला बसला. ९:४५ ला गाडी लागली, वेळेवर. पण या मार्गाच्या गाड्या मुख्य फलाटांवर येत नाहीत. त्यांचे फलाट पार बाजूला, पंचवीसच्या पुढचे, आणि तिथून स्टेशनच्या मुख्य भागात यायलाच दहा मिनिटं चालावं लागतं. मग जिने, मग मेट्रो. मी "तेर्मिनी ते मेट्रो, ५ मिनिटं" लिहिलं होतं, लागली अठरा. आणि आत्याच्या गुडघ्यातली दिवसाची निम्मी शिल्लक एका फलाटावर खर्च झाली, जिथे बघण्यासारखं काहीच नव्हतं. ती बोलली नाही. फक्त मेट्रोच्या जिन्यावर कठडा धरला, तेवढ्यावरून कळलं.

मेट्रोच्या बी लाइनवर तेर्मिनीपासून दुसरं स्टेशन कलोसेओ. बाहेर पडलं की कलोसियम समोरच उभं. हळूहळू जवळ येतंय, असं काही नाही. भाचा पायरीवरच थबकला, मागचे लोक त्याच्यावर आदळले. अर्धा तास दिला होता, तो त्यानं पूर्ण वसूल केला, सगळीकडून चक्कर मारून आला. आम्ही तिघं सावलीत टेकलो. आत्या म्हणाली, "इसवी सन ऐंशी. सम्राट टायटसनं उद्घाटन केलं, बापानं सुरू केलेलं." मग भाच्याला हाक मारून खालच्या कमानींवरचे रोमन आकडे दाखवले. प्रेक्षकानं कुठल्या दारानं आत जायचं त्याचे ते नंबर. दोन हजार वर्षांपूर्वीही गेट नंबर होते, हे त्याला आतलं तिकीट न मिळाल्यापेक्षा मोठं वाटलं. निदान मला तरी तसं वाटून घ्यायचंय.

तिथून पँथिऑन चालत पंचवीस-तीस मिनिटं. कागदावर आम्ही चालणार होतो. तेर्मिनीच्या फलाटानंतर तो विचार सोडला, स्टँडवरची पांढरी टॅक्सी केली, मीटरनं. चौघांत विभागली तर मेट्रोच्या तिकिटापेक्षा फार जास्त नाही. दिवसातला सगळ्यात शहाणा खर्च हाच, आणि तो अंदाजपत्रकात नव्हता. टॅक्सीवाल्यानं लार्गो आर्जेंतिनाला सोडलं. रस्त्याच्या पातळीखाली चार देवळांचे अवशेष, त्यांवर मांजरं पहुडलेली, आणि पलीकडच्या कडेला जी सभा भरत होती तिथे ज्युलियस सीझरला मारलं, इसवी सनपूर्व ४४. आत्या कठड्याला टेकून पाच मिनिटं बघत राहिली. हे यादीत कुणाच्याच नव्हतं.

पँथिऑनबद्दल जरा सविस्तर लिहितो. दर्शनी भागावर मोठ्या अक्षरांत अग्रिप्पाचं नाव आहे, सम्राट ऑगस्टसचा सेनापती मार्कस अग्रिप्पा यानं हे बांधलं म्हणून. अग्रिप्पानं बांधलेली इमारत जळाली, पुन्हा बांधलेली पुन्हा जळाली, आणि आज उभी आहे ती सम्राट हेड्रियनच्या काळातली, साधारण १२६ सालची. तरी त्यानं नाव जुनंच ठेवलं. "पायाचा दगड बसवला तरी पाटी लागते हल्ली," आत्या पुटपुटली. आत गेलो तर शे-दीडशे माणसं, सगळ्यांची तोंडं समोरच्या वेदीकडे किंवा सरळ वर, घुमटाच्या भोकाकडे. ते भोक सुमारे नऊ मीटर रुंद आहे, त्याला झाकण नाही, पाऊस थेट आत पडतो आणि जमिनीतल्या बावीस बारक्या छिद्रांतून निघून जातो. घुमटाचा व्यास ४३.३ मीटर आणि जमिनीपासून भोकापर्यंतची उंचीही तेवढीच, म्हणजे आत एक पूर्ण गोल चेंडू बसेल. लोखंडाची सळई न घातलेलं काँक्रीट, खाली सहा मीटरहून जाड आणि वर जाता जाता सव्वा मीटरपर्यंत पातळ केलेलं, वरच्या थरांत हलका सच्छिद्र दगड मिसळलेला.

आत्या मात्र उलटी फिरली, वेदीकडे पाठ, दाराकडे तोंड. "इकडे बघा." भोकातून आलेल्या उन्हाचा लख्ख गोल दाराच्या वर, थोडा डावीकडे, घुमटाच्या चौकोनी खाचांवर पडला होता. उन्हाळ्यात तो जमिनीवर उतरतो, ऑक्टोबरात सूर्य खाली असतो म्हणून तो वरच राहतो. तो सरकताना दिसत नाही. मग तिनं भाच्याला कामाला लावलं: गोलाची कड आत्ता कुठल्या खाचेला टेकलीय ते धर आणि बोलू नकोस. आम्ही बाजूच्या बाकावर बसलो. सातव्या-आठव्या मिनिटाला तो म्हणाला, "आजी, सुटली. पुढच्या चौकटीवर गेली." एवढा वेळ एका जागी बसणं कुठल्याही झेंड्यामागे जमलं नसतं. पन्नास मिनिटं तिथे गेली आणि चित्रकार राफाएलची समाधी बघायला मी जवळजवळ विसरलोच होतो.

नव्होनाला पाच मिनिटांत पोचलो. जेवणाचं लवकर आटपलं. चौकातल्या छत्र्यांखाली बसायचं नाही, गल्लीत वजनावर पिझ्झाचे तुकडे मिळतात ते उभ्यानं खायचे. पाणी नळाचं. रोमभर बिडाचे ठेंगणे नळ अखंड वाहत असतात, पाणी पिण्याचं आणि गार. तोटीच्या टोकाला बोट दाबलं की वरच्या बारीक भोकातून कारंजासारखी धार येते, वाकावं लागत नाही. भाच्यानं ती पहिल्या प्रयत्नात बायकोच्या ओढणीवर उडवली.

चौकाच्या मधोमध शिल्पकार बेर्निनीचं चार नद्यांचं कारंजं, १६५१ चं. चार खंडांच्या चार नद्या: नाईल, डॅन्यूब, रियो दे ला प्लाता आणि गंगा. नाईलच्या डोक्यावर कापड, कारण तिचा उगम तेव्हा ठाऊक नव्हता. हातात लांब वल्हं धरून आरामात बसलेली ती गंगा. आत्या दोनदा फेरी मारून आली. "अगं बाई, गंगामाईला दाढी!" लॅटिनमध्ये नद्या पुरुष असतात, हे तिला माहीत होतं, तरी तिनं ते भाच्याकडून फोनवर शोधून घेतलं, शिक्षकाची खोड.

पुढे पूल, हेड्रियनचीच समाधी असलेला सांत'आंजेलोचा किल्ला, रुंद रस्ता आणि १:३५ ला चौक. सकाळच्या खुर्च्या अजून तशाच होत्या. रांग अर्ध्या वर्तुळाच्या खांबांखाली. आमचा नियम ठरलेला होता, तासाहून जास्त दिसली तर सोडायची आणि किल्ल्याकडे मागे फिरायचं. पंचेचाळीस मिनिटं लागली. भाच्याची हाफ पँट गुडघ्याच्या वर; त्याच्यासाठी पिशवीत लांब पँट होती, ती त्यानं खांबामागे चढवली. आत शिरल्यावर उजवीकडच्या पहिल्याच कोनाड्यात पिएता, मृत येशूला मांडीवर घेतलेल्या मेरीची मायकेलएंजेलोची मूर्ती. १९७२ मध्ये एकानं तिच्यावर हातोडा चालवला, तेव्हापासून जाड काचेमागे आहे. बायको तिथून हलली नाही. बाकीचं सेंट पीटर्स, बेर्निनीचा ब्राँझचा मंडप, घुमट, आम्ही तिघांनी बघितलं. तिनं ती एक मूर्ती बघितली. ३:१५ ला मी तिच्या खांद्याला हात लावला. "झालं?" तिनं विचारलं, जसं काही आत्ताच आलोय.

सान पिएत्रोच्या फलाटावर ३:४७ ची गाडी. पाटीवर आधी ५ मिनिटं उशीर, मग १५, मग २५. पुढची गाडी धरली असती तर धक्क्यावर पोचेपर्यंत सहा वाजले असते. म्हणूनच ३:१५ ची रेघ मारली होती, आणि ती मारताना मला भित्रा ठरवलं गेलं होतं. ४:१२ ला निघालो, ५ ला चिवितावेक्किया, शटल, ५:३५ ला जहाजावर. हातात पंचवीस मिनिटं उरली. दहा तास बाहेर होतो. त्यांतले प्रत्यक्ष काही बघण्यात गेलेले, नव्होनाचा पिझ्झा धरून, सव्वातीन.

रोम पाहिलेलं असेल तर मी दुसरंच सांगेन. त्याच रेल्वेमार्गावर उलट दिशेला, चिवितावेक्कियाहून वीसेक किलोमीटरवर तार्क्वीनिया आहे. रोमनांच्या आधीच्या एट्रुस्कन लोकांच्या जमिनीखालच्या थडग्यांत रंगवलेल्या भिंती, २००४ पासून जागतिक वारसा. गर्दी नाही, घाई नाही. पण पहिल्यांदा येणाऱ्याला "रोमला जाऊ नका" म्हणायची माझी हिंमत नाही.

रात्री जेवणाच्या टेबलावर भाच्यानं मेट्रोचा नकाशा पसरला. बराच वेळ गप्प होता. मग काट्याच्या टोकानं दाखवलं. "मामा, गाडी तेर्मिनीच्या आधी ओस्तिएन्सेला थांबली होती ना? त्या स्टेशनला लागूनच मेट्रोचं पिरामिदे. तिथूनही कलोसेओ दुसरंच स्टेशन. तो लांबचा फलाट लागलाच नसता."

मी बघितलं. बरोबर होतं. निदान वीस मिनिटं वाचली असती, आणि गुडघा.

"आणि मग टॅक्सी केली नसती," आत्या म्हणाली, "चालतच गेलो असतो. मग सीझरपाशी थांबायला पाय उरले असते का?" तिनं नकाशा स्वतःकडे ओढला आणि पिरामिदे हे नाव तिथे कशावरून पडलं ते विचारायला लागली.